शरीरात न जाणारे हाड

थ्रीडी प्रिंटरवर काम करते असे सांगितले की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तुम्ही माणसांची हाडे छापता?" अधूनमधून येणाऱ्या बातम्यांचा हा परिणाम आहे, आणि त्या बातम्या खोट्या आहेत असेही नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या एका गटाने जाहीर केले होते की टायटॅनियमच्या भुकटीचे थरावर थर लेझरने वितळवून घडवलेला अख्खा खालचा जबडा त्यांनी ८३ वर्षांच्या एका आजींना बसवला आहे. त्या जबड्याचे वजन १०७ ग्रॅम होते, म्हणजे मूळ जबड्यापेक्षा सुमारे ३० ग्रॅम जास्त. ती छायाचित्रे जगभर फिरली आणि तेव्हापासून लोकांच्या मनात या तंत्राचे चित्र पक्के झाले आहे: यंत्रातून हाड बाहेर येते, डॉक्टर ते उचलतात आणि तोंडात बसवतात.

गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी जे करते ते या चित्रात बसत नाही. आमच्या प्रिंटरवर तयार होणारी हाडे प्लास्टिकची असतात आणि त्यांतले एकही रुग्णाच्या शरीरात जात नाही. ती सर्जनच्या टेबलावर जातात, हातात फिरवून पाहिली जातात, त्यांच्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या जातात, हाडे जोडायच्या धातूच्या प्लेटा वाकवून बसवून पाहिल्या जातात, आणि शस्त्रक्रिया झाली की कपाटात पडून राहतात. चेहरा आणि टाळू (म्हणजे तोंडाचे छत) यांच्या पुनर्रचनेत छपाईचा खरा उपयोग इथेच आहे असे माझे मत आहे. रुग्णाला भूल देण्याआधी जे ठरवता येते ते सगळे ठरवून ठेवायला ही वस्तू मदत करते. शरीरात जे बसते ते पुष्कळदा रुग्णाचेच हाड असते.

ही कल्पना नवी नाही, आणि तिची एक नोंद आपल्या पुण्याजवळची आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो नाकाविना राहिला, आणि मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक केले. शस्त्र चालवण्यापूर्वी त्याने काय केले ते त्या पत्रात दिले आहे: मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर ठेवून त्याला नाकाचा आकार दिला, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारून तेवढीच कातडी सोडवली. ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि पुढे युरोपात ती रूढ झाली. कपाळाच्या कातडीचे कौतुक सगळे करतात. मला मात्र तो मेणाचा पत्रा महत्त्वाचा वाटतो. माप आधी घ्यायचे आणि कापायचे नंतर, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

आज त्या पत्र्याच्या जागी सीटी स्कॅन आला आहे. स्कॅनमध्ये डोक्याचे शेकडो आडवे काप मिळतात. चेहऱ्यासाठी हे काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असावे लागतात. तीन किंवा पाच मिलिमीटरचे काप निदानाला पुरतात, छपाईला पुरत नाहीत. प्रत्येक कापातल्या प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड एककात घनता सांगणारा एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि हाड साधारण २०० च्या पुढे. संगणकाला सांगायचे की या आकड्याच्या वरचे सगळे ठिपके ठेव आणि खालचे टाकून दे. उरते ती कवटी. ऐकायला हे एका बटणाचे काम वाटते, आणि दाट हाडांच्या बाबतीत, म्हणजे खालच्या जबड्याच्या कडेला किंवा गालफडाच्या उंचवट्याला, ते बहुतांशी तसेच असते.

अडचण पातळ हाडांची. डोळ्याच्या खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो, आणि टाळूच्या मागच्या भागातले हाडही काही ठिकाणी तसेच. एका ठिपक्यात थोडे हाड आणि थोडी हवा आली की दोघांची सरासरी होते, तो ठिपका दोनशेच्या खाली घसरतो आणि संगणक त्याला हाड मानत नाही. मग पडद्यावर टाळूला भोक दिसते. हे भोक खरे की खोटे, हे ठरवायचे काम माणसाचे. मी ते कसे करते ते सांगते. उभे, आडवे आणि समोरचे असे तिन्ही काप शेजारी शेजारी उघडायचे आणि भोकाच्या कडेपासून आत एकेक काप पुढे जायचे. खोट्या भोकाच्या जागी करड्या रंगाची फिकट रेघ सलग दिसत राहते आणि तिच्या वरची व खालची मऊ आवरणे जागच्या जागी असतात. खऱ्या भोकापाशी ती रेघ तुटते, कडा जाड आणि गोलसर झालेली असते आणि नाकातली हवा थेट तोंडातल्या हवेला मिळते. जन्मतः फाटलेल्या टाळूची कडा आणि आजाराने खाल्लेल्या टाळूची कडा याही वेगळ्या दिसतात. दुसरी खडबडीत असते. हे सगळे पाहून मग माऊसने ठिपके भरायचे किंवा पुसायचे. एका टाळूवर अर्धा दिवस सहज जातो, आणि शंका राहिली तर क्ष-किरणतज्ज्ञांना फोन केल्याशिवाय मी फाइल पुढे पाठवत नाही.

म्हणून 'प्रिंटर किती अचूक आहे' हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. चांगला प्रिंटर मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा थर सहज देतो. पण स्कॅनचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल, रुग्ण स्कॅनच्या वेळी थोडा हलला असेल, किंवा दातांतल्या धातूच्या फिलिंगमुळे चित्रावर चांदण्यांसारखे फटकारे उमटले असतील, तर ती चूक प्रिंटर तितक्याच इमानाने प्लास्टिकमध्ये उतरवतो. दातांच्या बाबतीत यावर एक उपाय आहे. दातांचे पृष्ठभाग तोंडात फिरवायच्या प्रकाशीय स्कॅनरने वेगळे टिपायचे आणि सीटीतल्या फटकाऱ्यांनी खराब झालेले दात काढून त्या जागी हे बसवायचे. दोन्ही चित्रे एकमेकांवर नीट बसली की मगच वरचे दात खालच्या दातांवर कसे टेकतात ते कळते, आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत सगळा हिशोब अखेर त्या टेकण्यावर येऊन थांबतो.

यासाठी लागणारे सगळेच सॉफ्टवेअर महाग असते असे नाही. ब्राझीलच्या कँपिनास शहरातल्या सरकारी संस्थेने २००१ पासून विकसित केलेले 'इनवेसालियस' मोफत मिळते आणि शिकायला ते पुरेसे आहे. त्याची मांडणी पोर्तुगीज भाषेतही आहे. माझे सासरे गोवा मुक्तीपूर्वीच्या, पोर्तुगीज राजवटीतल्या शाळेत शिकलेले. एकदा माझ्या मागे उभे राहून त्यांनी पडद्यावरचे आदेश घडाघडा वाचून दाखवले आणि निवृत्तीनंतर पोर्तुगीज कामाला आल्याचा त्यांना झालेला आनंद आम्ही दोन दिवस ऐकत होतो.

छपाईविषयी फार लिहीत नाही, कारण ती तुलनेने सोपी आहे. मात्र गोव्यात ती जून ते सप्टेंबर तेवढी सोपी राहत नाही. प्रिंटर जी वितळवून थर रचतो ती प्लास्टिकची तार हवेतला ओलावा शोषते आणि श्रावणात डब्याबाहेर राहिलेल्या पापडासारखी होते. तापलेल्या तोटीतून जाताना आतले पाणी वाफ होऊन फुटते, बारीक फटफट आवाज येतो, आणि हाडाच्या पृष्ठभागावर केसांसारखे धागे व खळगे उमटतात. शोभेच्या वस्तूवर असे खळगे चालतील, पण ज्या प्रतिकृतीवर टायटॅनियमची जाळी वाकवायची आहे तिच्यावर ते चालत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात तार आधी मंद आचेवर तासन्‌तास सुकवायची, सिलिका जेलच्या बंद डब्यातून थेट प्रिंटरकडे न्यायची, आणि रात्रभराच्या छपाईसाठी इन्व्हर्टरवर भरवसा ठेवायचा. आणखी एक बंधन सगळ्यांना ठाऊक असावे. आम्ही वापरतो ते साधे पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि शस्त्रक्रियागृहातला ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, १२१ किंवा १३४ अंशांवर चालतो. म्हणजे ही प्रतिकृती निर्जंतुक करायला टाकली की तिचा गोळा होणार. ती निर्जंतुक पिशवीत घालून जवळ ठेवतात किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलापासून दूर ठेवून नुसती पाहतात. रुग्णाच्या जखमेला लागणारी वस्तू वेगळ्या, जैवसुसंगत रेझिनची किंवा नायलॉनची असावी लागते. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम लक्षात घेऊन अशा वस्तू आम्ही इथे छापत नाही. आराखडा इथे होतो आणि छपाई परवानाधारक उत्पादकाकडे.

आता ज्या कामात या तंत्राने सर्वांत जास्त फरक पडला आहे त्याविषयी. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग बहुतेकदा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत सुरू होतो, कारण तंबाखू, सुपारी आणि चुना यांची गोळी तिथेच धरून ठेवली जाते. गोव्यात गुटख्यावर २००५ पासून बंदी आहे. ती पुडी आजही कुठे आणि कशी मिळते हे इथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. हिरडीखाली लगेच हाड असल्यामुळे रोग जबड्यात शिरतो, आणि मग जबड्याचा तुकडा काढावा लागतो. पुढचा, हनुवटीचा भाग गेला आणि तो भरला नाही, तर खालचा ओठ लोंबतो, लाळ थांबत नाही, जिभेला आधार उरत नाही.

ही जागा भरायला पायाचे हाड वापरतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूला फिब्युला नावाचे बारीक, लांब हाड असते. ते शरीराचा फारच थोडा भार घेते, त्यामुळे घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा काही सेंटिमीटरचा भाग ठेवून मधला वीस-पंचवीस सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट काढला तरी माणूस पुन्हा चालतो. ऑस्ट्रेलियाच्या इयान टेलर यांनी १९७५ साली हे हाड रक्तवाहिनीसह दुसरीकडे नेण्याची पद्धत मांडली आणि न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ साली ते खालच्या जबड्यासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. पण फिब्युला सरळ आहे आणि जबडा वळलेला. सरळ हाडाचा वळलेला जबडा करायचा तर पाचरीसारखे काप घेऊन त्याचे दोन-तीन तुकडे करावे लागतात, आणि तेही त्याला चिकटलेल्या रक्तवाहिनीला धक्का न लावता. पूर्वी हे काम अनुभवाच्या जोरावर, शस्त्रक्रिया चालू असताना, प्लेट वाकवत आणि पुन्हा पुन्हा लावून पाहत व्हायचे. जे हात ते करत आले त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे.

आता सर्जन आणि मी पडद्यासमोर बसतो. एका बाजूला जबडा, दुसऱ्या बाजूला पायाचा अँजिओग्राफीसह स्कॅन. पावलाकडे जाणारे रक्त मुख्यतः याच वाहिनीवर अवलंबून तर नाही ना, ते आधी पाहायचे, कारण काही माणसांत तसे असते आणि मग तो पाय घेता येत नाही. त्यानंतर सर्जन सांगतात, काप इथून, गाठीपासून इतके अंतर राखून. मी फिब्युलाचे तुकडे त्या पोकळीत फिरवून बसवते. तुकडा दोन सेंटिमीटरहून लहान होऊ लागला तर ते नकारार्थी मान हलवतात, कारण फार लहान तुकड्याला रक्त पुरत नाही. कोन ठरले की त्यांवरून कापण्याचा साचा तयार होतो, त्याला आम्ही 'गाइड' म्हणतो. हाडावर एकाच जागी बसेल असा त्याचा आतला पृष्ठभाग असतो, करवतीचे पाते जाण्याएवढ्याच जाडीच्या खाचा असतात, आणि पुढे प्लेटचे स्क्रू जिथे यायचे आहेत तिथली भोकेही त्यातच असतात. अशी भोके आधी पाडली की तुकडे नव्या जागी आल्यावर प्लेटची भोके त्यांच्यावर आपोआप जुळतात. हे सारे फिब्युला पायातच, रक्तपुरवठा चालू असताना करता येते. वाहिनी तोडून हाड तोंडाकडे नेल्यानंतरचा रक्ताविना जाणारा वेळ त्यामुळे कमी होतो. छपाईने वाचणारा हा वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

प्लास्टिकच्या जबड्याचा दुसरा उपयोग मी बाह्यरुग्ण विभागात पाहिला. सत्तरीतले एक गृहस्थ आपल्या धाकट्या भावाला घेऊन आले होते. डॉक्टरांनी प्रतिकृती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "काका, हा तुमच्या भावाचा जबडा. या लाल रेघेपासून या रेघेपर्यंत काढावा लागेल." त्यांनी तो उलटा केला, आतून पाहिला, दातांवरून बोट फिरवले. "डॉक्टर, एवढा सगळा? गाठ तर दाण्याएवढी दिसते." मग डॉक्टरांनी हाडाच्या आतला पोखरलेला भाग दाखवला. भाऊ इतका वेळ गप्प होता. त्याने हात पुढे केला, जबडा घेतला आणि आपल्या गालाला लावून पाहिला. फिल्म उजेडापुढे धरून तासभर समजावले असते तरी हे इतके स्पष्ट झाले नसते. संमतीपत्रावर सही घेणे आणि संमती घेणे यांत फरक असेल तर तो असा काहीतरी असावा.

या पद्धतीची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. कर्करोग आराखड्यासाठी थांबून राहत नाही. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये अनेक आठवडे गेले तर गाठ ठरलेल्या रेघेच्या पुढे सरकलेली असू शकते आणि मग तो सुंदर गाइड बाजूला ठेवून सर्जनला जुन्या पद्धतीने कापावे लागते. म्हणून शहाणे सर्जन आराखड्यात आणखी दूरची एक पर्यायी खाचही मागून घेतात. गाइड परराज्यातून किंवा परदेशातून मागवण्यात दिवस जातात आणि ते दिवस रुग्णाचे असतात. प्रतिकृती जवळच्या जवळ, एका रात्रीत तयार होणे याचे महत्त्व मला यासाठीच वाटते. तिच्यावर प्लेट आदल्या दिवशी वाकवून ठेवता येते, आणि प्लास्टिकचा खर्च काहीशे रुपयांपलीकडे जात नाही.

अपघातांचे काम वेगळ्या प्रकारचे आहे आणि दुचाक्यांच्या या राज्यात त्याला खंड नाही. गालफड आणि डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडला की डोळा आत खचतो आणि एकाच्या जागी दोन वस्तू दिसू लागतात. इथे संगणकाची एक युक्ती उपयोगी पडते: चांगल्या बाजूचे आरशातले प्रतिबिंब घ्यायचे, ते मोडलेल्या बाजूवर बसवायचे आणि ती पूर्ण कवटी छापायची. टायटॅनियमची जाळी या प्रतिकृतीवर दाबून आकाराला आणली आणि निर्जंतुक केली की डोळ्याखालच्या अरुंद जागेत ती पुन्हा पुन्हा आतबाहेर करावी लागत नाही. दोन्ही बाजू मोडलेल्या असतील तर मात्र आरसा कामाला येत नाही. हेल्मेटविषयी मी इथे काही लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

टाळूकडे वळते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर देशभर काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले आणि अनेकांचा वरचा जबडा, टाळूसकट, काढावा लागला. कर्करोगातही तेच घडते. टाळू गेली की तोंड आणि नाक एक होतात: प्यालेले पाणी नाकातून बाहेर येते आणि बोलणे कळेनासे होते. ही पोकळी बंद करणाऱ्या झाकणाला 'ऑब्च्युरेटर' म्हणतात, आणि त्याचे वर्णन सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रॉज पारे यांनी करून ठेवले आहे. म्हणजे उपाय जुना. कठीण असते ते त्याचे माप घेणे. सुपारीने ज्यांचे तोंड आखडले आहे किंवा किरणोपचारानंतर जबडा उघडत नाही, त्यांच्या तोंडात मापाचा ट्रे जातच नाही, आणि गेला तरी मापाचा मऊ लगदा पोकळीतून वर नाकात शिरून अडकण्याची भीती असते. सीटीवरून पोकळी छापली की हे टळते. प्लास्टिकच्या पोकळीवर मेणाचे झाकण घडवायचे, मग कवळीला वापरतात त्याच गुलाबी अ‍ॅक्रिलिकमध्ये ते ओतायचे, आणि आतून पोकळ ठेवायचे, नाहीतर वजनाने ते खाली लोंबते. आखडलेल्या तोंडासाठी ते दोन भागांत करून आत जोडता येते.

झाकण बसले की नाही याची परीक्षा साधी असते. रुग्णाला ताठ बसवून पेलाभर पाणी प्यायला द्यायचे आणि नाकाकडे पाहायचे. मग बोलायला लावायचे. 'प' आणि 'ब' उच्चारताना तोंडात हवा कोंडावी लागते. टाळूला फट असेल तर ती नाकातून निसटते आणि 'बाबा'चे 'मामा' होते. एका बाईंना मी रोजच्या जेवणातले पदार्थ म्हणायला सांगितले होते. झाकण काढल्यावर त्यांचा 'पाव' हा 'माव' ऐकू येत होता, झाकण लावल्यावर तो लख्ख 'पाव' झाला. त्यांनी तो शब्द पुन्हा पुन्हा म्हटला, आणि मग शेजारी बसलेल्या मुलीला म्हणाल्या की उद्या सकाळी पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, मीच हाक मारणार. काठाशी एके ठिकाणी अजून हवा झिरपत होती. तिथे थोडे अ‍ॅक्रिलिक चढवून पुन्हा पाणी दिले. संगणकाने दिलेले माप हाडाचे होते, मऊ कडेचे शेवटचे माप हातानेच घ्यावे लागले.

जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेल्या बाळांच्या बाबतीत तर सीटीचा विचारही करायचा नसतो. इतक्या लहान वयात त्या किरणांची गरज नसते. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. ओठाची शस्त्रक्रिया तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते. ओठाच्या आधी हिरडीचे दूर गेलेले दोन तुकडे जवळ आणण्यासाठी काही ठिकाणी तोंडात छोटी प्लेट बसवतात आणि ती दर आठवड्याला मिलिमीटरभर बदलत नेतात. प्रकाशीय स्कॅनर वापरला तर बाळाच्या तोंडात मापाचा लगदा घालावा लागत नाही, त्यामुळे श्वास अडकण्याचा धोका राहत नाही, आणि तुकडे पुढे कसे सरकवायचे ते संगणकावर ठरवून प्लेटांची मालिका एकदम तयार करता येते. काणकोण किंवा वाळपईहून दर आठवड्याला तान्हे बाळ घेऊन येणाऱ्या आईच्या काही फेऱ्या तरी यामुळे कमी होऊ शकतात. सगळ्या कमी करू नयेत, असे मला वाटते, कारण प्लेट हिरडीला टोचते आहे हे बाळ सांगू शकत नाही, ते कुणीतरी पाहावे लागते.

पुढे आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा उगवण्याआधी, हिरडीतली फट कमरेच्या हाडातून काढलेल्या भुग्याने भरतात. फट किती मोठी आहे ते छापील प्रतिकृतीवर दिसते आणि किती हाड काढावे लागेल याचा अंदाज येतो. पण टाळूचे मूळ काम ज्या स्नायूंवर चालते, त्या मागच्या मऊ भागाला आमचा प्रिंटर काहीच देऊ शकत नाही. गिळताना आणि बोलताना वर उचलला जाऊन नाक बंद करणारा तो पडदा सर्जनने स्नायूंची दिशा बदलून शिवायचा असतो आणि वाचातज्ज्ञाने पुढे वर्षानुवर्षे शिकवायचा असतो. 'थ्रीडी प्रिंटिंगने टाळू बनवली' असे कुणी सांगितले तर कुठली टाळू, पुढची की मागची, एवढे विचारून घ्यावे.

प्रत्येक रुग्णाला या तंत्राची गरज असते असेही नाही. साधा, न सरकलेला अस्थिभंग असेल किंवा जबड्याच्या कडेचा छोटा तुकडा काढायचा असेल, तर प्रतिकृती ही निव्वळ शोभेची वस्तू ठरते. शस्त्रक्रियेच्या खर्चात तिची वेगळी रक्कम लावलेली दिसली तर तिने नेमके काय ठरणार आहे असे रुग्णाने विचारायला हरकत नाही. उत्तर 'प्लेट आधी वाकवता येईल', 'काप कुठे घ्यायचा ते कळेल' असे ठोस मिळाले तर खर्च सार्थकी लागेल.

शेवटी एक विनंती, जी मी ओळखीच्या प्रत्येकाला करते. चेहऱ्याचा किंवा जबड्याचा सीटी काढायची वेळ आली तर फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मवरून छपाई करता येत नाही. स्कॅन केंद्रावर 'डायकॉम' स्वरूपातली मूळ फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ ठेवायला आधीच सांगा, आणि कवळी किंवा काढता येणारे धातूचे दात असतील तर ते डॉक्टरांना विचारून काढून ठेवा. काही केंद्रे पातळ कापांची फाइल थोड्याच दिवसांत यंत्रावरून पुसून टाकतात, म्हणून ती त्याच दिवशी घ्या. सीडी घरी आल्यावर ती उघडते का तेही एकदा पाहा. आमच्याकडे येणाऱ्या सीडींतल्या कितीतरी रिकाम्या निघतात आणि मग रुग्णाला पुन्हा त्याच यंत्राखाली झोपावे लागते.